त्रिवेणीसाठी निवडलेली स्टिक

वीरुपाक्ष आप्पांच्या दुकानात क्रिकेटच्या बॅटी दर्शनी भागात टांगलेल्या असत आणि हॉकीच्या स्टिका पार मागच्या भिंतीला. परभणीच्या बाजारात गिऱ्हाईक बॅटींनाच होतं. शाळांच्या स्पर्धांचे कप, मेडलं, कॅरमच्या सोंगट्या, बॅडमिंटनची फुलं, असल्या मालावर दुकान चाले. हॉकीची स्टिक मागणारं माणूस क्वचित एखादं येई. पण ते आलं की आप्पांचा नूरच पालटे. एरवी गल्ल्यावरून न हलणारा हा गृहस्थ उठायचा, गिऱ्हाइकाला सरळ उभं करून शेजारी एक स्टिक टेकवायचा, ती कमरेच्या हाडाशी कुठं येते ते वाकून बघायचा, मैदान मुरमाचं की गवताचं ते विचारायचा, आणि मग भिंतीवरच्या स्टिकांकडं बघत बराच वेळ नुसता उभा राहायचा. तरुणपणी आप्पा गावच्या क्लबाकडून डाव्या बगलेला खेळलेले. उजव्या हाताची करंगळी तेव्हा चेंडू लागून वाकली, ती वाकडीच राहिली.

त्रिवेणी त्यांना पहिल्यांदा भेटली ती अशीच, गिऱ्हाईक म्हणून. गंगाखेडच्या एका किराणा दुकानदाराची ही पोर शाळेच्या संघात नुकतीच निवडली गेली होती. बापाला कुठलीही स्टिक चालली असती. तो म्हणाला, द्या एखादी, पोरीची हौस हाय. आप्पांनी मात्र चार स्टिका काढल्या, चारी परत टांगल्या आणि त्या बापलेकीला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पोर हिरमुसली नाही. 'कशी पाहिजे ते तुमाला कळलं ना, मग मी थांबते,' असं म्हणाली. त्या बोलण्यानं आप्पा तिच्यावर खूश झाले ते कायमचे. पुढं ती विद्यापीठाकडून खेळली, राज्याच्या संघाबरोबर दोनदा बाहेरगावी खेळून आली. मधल्या फळीत खेळायची. तिनं मारलेला लांबचा पास बघायला आप्पा दुकान बंद करून नांदेडला जात. आणि अशाच एका सामन्याहून परत येताना त्यांच्या मनात आलं, की ही पोर आपल्या घरात आली तर काय बहार होईल.

जात एक, घरं तोलामोलाची, अडचण कसलीच नव्हती. आप्पांचा एकुलता मुलगा विरेश खेळणारा नव्हता. तो दुकानाचं सामान आणायचा, शाळाशाळांत पोचवायचा, सगळ्यांशी हसून बोलायचा. त्यानं त्रिवेणीला बघितलं आणि कानापर्यंत लाल झाला. लग्न झालं. लग्नानंतर एक मोसम ती खेळली. मग कधी घरात पाहुणे, कधी कुणाचं लग्नकार्य, कधी सासूची, चन्नबसम्मांची, गुडघेदुखी, असं होत होत तिचं मैदानावर जाणं सुटलं. कुणी जाऊ नको म्हणालं नाही. जा असंही कुणी म्हणालं नाही. स्टिक माळ्यावर गेली. घर मात्र आनंदात होतं, हे खोटं नव्हे.

मग एका सकाळी विरेश जिंतूरच्या शाळेला सामान पोचवायला म्हणून मोटारसायकलवर निघाला आणि वाटेत एका वळणावर ट्रकखाली आला.

त्याला आता दोन वर्षं होत आली होती. घरात तिघंच. आप्पा दुकानात बसत, दुपारी त्रिवेणी त्यांना जेवायला सोडून स्वतः गल्ल्यावर बसे. रात्री ती सासूच्या खोलीत झोपे, कारण चन्नबसम्मांना एकटं झोपवत नसे. गंगाखेडहून तिचा भाऊ दोनदा न्यायला आला आणि दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. शेजारीपाजारी म्हणत, असली सून नशिबानं मिळते. चन्नबसम्मा ते ऐकून पदर डोळ्याला लावत आणि लगेच सुनेचा हात धरून ठेवत, जणू कुणी ओढून न्यायला आलंय.

त्या वर्षी थंडी सरता सरता तिला मनिषाचा फोन आला. मनिषा तिच्याबरोबर राज्याच्या संघात होती, आता रेल्वेत नोकरीला होती आणि सिकंदराबादला राहत होती. रेल्वेत खेळाडूंची भरती निघाली होती. निवड झाली तर नोकरी, राहायला जागा आणि रोज खेळणं. त्रिवेणीची जुनी प्रमाणपत्रं चालणार होती, पण वयाच्या अटीत ती याच वर्षी बसत होती, पुढच्या वर्षी नाही.

तिनं ही गोष्ट आधी आप्पांना सांगितली. दुकानात, कपांवरची धूळ पुसता पुसता.

"आप्पा, मी जाऊन बघू का?"

आप्पांना दोन गोष्टी एकदम ऐकू आल्या. पोर पुन्हा खेळणार, हे एक. पोर घरातून जाणार, हे दुसरं. दोन्ही एकाच वाक्यात आलं होतं. ते म्हणाले, "बघ की."

घरी चन्नबसम्मांनी ऐकलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या, थापत राहिल्या. फक्त त्या दिवशीच्या भाकरी जाड झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्रिवेणी पहाटे उठून कृषी विद्यापीठाच्या मैदानावर जाऊ लागली. आप्पा स्कूटरवर तिच्याबरोबर जात. पहिल्या दिवशी तिला मैदानाला एक फेरी पुरी करता आली नाही. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि आप्पांकडं बघून हसली. विरेश गेल्यापासून तिचं असलं हसू आप्पांनी पाहिलं नव्हतं. हळूहळू दम वाढला. चेंडू भिंतीवर मारून परत घ्यायचा, उलट्या बाजूनं ओढायचा, पळता पळता सोडायचा, हे सगळं अंगात होतंच, ते जागं व्हायला लागलं. पण माळ्यावरून काढलेल्या जुन्या स्टिकचा जीव संपला होता. मुरमावर खेळून तिचं डोकं झिजलेलं, कडेला तडा गेलेला. त्यात सिकंदराबादला चाचणी हिरव्या कृत्रिम मैदानावर होणार. तिथं चेंडू बशीवरून घसरल्यासारखा पळतो. त्याला स्टिक वेगळी लागते. आप्पांनी जालंधरला फोन करून खास निवडीच्या म्हणून आठ-दहा स्टिका मागवल्या. एवढ्या चांगल्या स्टिका परभणीत कुणीच विकत घेणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

माल ज्या दिवशी आला त्या संध्याकाळची गोष्ट. त्रिवेणी पीठ आणायला गिरणीवर गेली होती. चन्नबसम्मांची लिंगपूजा आटोपली होती. तळहातावरचं इष्टलिंग कपाळाला लावून त्यांनी ते पुन्हा गळ्यातल्या करडकाच्या डबीत ठेवलं आणि त्या आप्पांच्या समोर येऊन बसल्या. असं समोर येऊन बसायची त्यांची रीत नव्हती.

"मी तिला जाऊ नको म्हणू शकत न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हणलं तर ती थांबंल. पण मग जन्मभर माझ्याकडं कसं बघंल ते मला समजतंय."

आप्पा आलेल्या मालाच्या पावतीची घडी घालू लागले.

"तुमच्या हातात हाय ते. काठी जरा जड द्या. नाहीतर लांब द्या. कुणाला काय कळायलंय? तिची निवड होणार न्हाई आणि तुमाआमाला कुणी बोल लावणार न्हाई."

आप्पांना राग आला. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांच्या दुकानाच्या कामात कधी नाक खुपसलं नव्हतं, आणि आज खुपसलं ते असं. ते कसेबसे म्हणाले, की असलं पुन्हा तोंडातून काढू नकोस, ती पोर माझ्या विश्वासावर उभी हाय. चन्नबसम्मांनी मान खाली घातली. मग अगदी हळू, भांडणाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "ती गेली की या घरात दोन म्हातारे ऱ्हातील. एक आधी मरंल, एक मागून. माझा लेक गेला, तिच्या हातचं पाणी पिऊन मी दिवस काढायलेय. एवढंच मला कळतंय."

बाहेर त्रिवेणीच्या चपलांचा आवाज आला. चन्नबसम्मा उठल्या आणि चुलीकडं गेल्या. विषय तिथंच संपला. आप्पांनी तर तो संपलाच असं धरलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी निवड सुरू केली. त्रिवेणी स्टुलावर बसून बघत होती. एकेक स्टिक त्यांनी काउंटरच्या काचेवर पालथी ठेवली आणि खालून उजेड कसा दिसतो ते पाहिलं. एकीला पीळ होता, ती बाजूला गेली. एकीचं डोकं फरशीवर हलकेच आपटलं तर आवाज भरड आला, तीही गेली. दोन स्टिकांचा वाक फार खाली होता, वर उडवून मारणाऱ्याला त्या बऱ्या, मधल्या फळीतल्या खेळाडूला नव्हेत. असं करत करत शेवटी दोनच उरल्या. दोन्ही एकाच घडणीच्या, लांबीला सारख्या. फरक वजनाचा. एक हलकी होती, दुसरी तिच्यापेक्षा थोडी भरीव.

त्रिवेणीनं दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. शटरखालून येणाऱ्या उजेडात ती चेंडूशिवायच दोन पावलं पळाली, वळली, हवेत पास मारला. मग भरीव स्टिक पुढं धरून म्हणाली, "ही जरा जड वाटायलीय का, आप्पा?"

आप्पांनी विचार केला. आणि तो विचार प्रामाणिक होता, निदान त्या वेळी त्यांना तसंच वाटलं. त्यांच्या डोळ्यांसमोर नांदेडचं मैदान होतं. ही पोर, तिचा लांबचा पास, विरुद्ध बाजूच्या दोन पोरींच्या मधून सरळ रेघेत गेलेला चेंडू. त्या पासाला मागं वजन लागतं. हलक्या स्टिकनं चेंडू नाचवता येतो, पण निवड करणारे लोक नाचवणारी पोर शोधत नसतात, त्यांना मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला खेळ फिरवणारी पोर हवी असते. हे सगळं बरोबर होतं. दोन वर्षांत तिचं मनगट बारीक झालंय, हेही त्यांना दिसत होतं. रोज सकाळी मैदानावर ते तेच तर बघत होते.

"सवय होईल," ते म्हणाले.

ती लगेच हो म्हणाली. पहिल्या भेटीत म्हणाली होती तशीच, त्यांच्या शब्दावर.

मग दोन दिवस आप्पांनी त्या स्टिकवर जीव ओतला. कंपनीचा जाड ग्रिप सोलून काढला. लांबी तिच्या मापाला थोडी जास्त होती, म्हणून वरच्या टोकाला खूण केली, ओला कपडा गुंडाळून करवतीनं दांडा कापला, आत लाकडाची गुल्ली घट्ट चिकटवून बसवली आणि पॉलिश कागदानं कड मऊ केली. तिची बोटं बारीक, म्हणून आधी पातळ पट्टी, तिच्यावर दुसरी, दोन्ही एकाच तिरक्या घड्या घालत वरून खाली. प्रत्येक फेऱ्याला तिला बोलावून मूठ धरायला लावत. डोक्याला मुरमाच्या सरावात खरचटू नये म्हणून वेगळी टेप लावली, आणि चाचणीच्या आदल्या दिवशी ती काढायची असं तिला बजावलं. एवढी निगुतीनं तयार केलेली स्टिक त्यांच्या हातून पूर्वी कधी बाहेर पडली नव्हती. चन्नबसम्मा दुकानात डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी ती बघितली. हात लावला नाही. आप्पांच्या तोंडाकडं मात्र निरखून बघितलं, आणि आप्पांनी नजर दुसरीकडं वळवली. का वळवली, हे त्यांना तेव्हा सुचलं नाही.

सिकंदराबादला आप्पा तिच्याबरोबर गेले. मनिषा स्टेशनवर घ्यायला आली होती. चाचणीच्या दिवशी मैदानावर लांबलांबून आलेल्या पोरी होत्या, बहुतेक त्रिवेणीपेक्षा लहान, हरणासारख्या. आप्पा जाळीबाहेर एका सिमेंटच्या बाकावर बसले.

सुरुवातीला त्रिवेणी छान खेळली. तिनं एक चेंडू अडवला, मान वर न करता उजवीकडं वळवला आणि तो नेमका पळणाऱ्या पोरीच्या पुढ्यात गेला. कडेला उभ्या असलेल्या निवडीच्या लोकांपैकी एकानं शेजारच्याला काहीतरी विचारलं, दोघांनी तिच्याकडं बघितलं. आप्पा बाकावर पुढं सरकून बसले. मग उन्हं चढली. खेळ वेगवान झाला. आणि आप्पांना दिसायला लागलं ते दुसऱ्या कुणाला कदाचित दिसलंही नसेल. तिचे पाय चेंडूपर्यंत वेळेवर पोचत होते, नजर वेळेवर पोचत होती, स्टिक मात्र किंचित मागून येत होती. एकदा चेंडू तिच्या स्टिकला चाटून बाहेर गेला. एकदा तिनं लांबचा पास मारायला स्टिक मागं नेली, ती पुढं येईपर्यंत समोरच्या पोरीनं चेंडू काढून घेतला. त्रिवेणी दोन्ही हातांनी मूठ बदलून बदलून धरत होती. डाव्या हाताचं मनगट ती मध्येच झटकायची. शेवटी शेवटी तिनं लांबचा पास मारणं सोडूनच दिलं, चेंडू आला की जवळच्या पोरीला देऊन मोकळी व्हायची.

दुपारी नावं वाचली. त्यात तिचं नव्हतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. रडली नाही. दम पुरला नाही, असं म्हणाली. मनगट भरून आलं होतं, सराव कमी पडला, दोन वर्षं थोडी नसतात, असंही म्हणाली. स्टिकबद्दल अक्षर नाही. आप्पांच्या ओठावर आलं होतं, की पोरी, चूक माझी झाली, तुला हलकी द्यायला पाहिजे होती. ते वाक्य त्यांनी मनातल्या मनात कितीदा तरी जुळवलं. पण ते बोललं की पुढचं वाक्यही आलंच, आणि पुढचं वाक्य काय आहे याची त्यांना भीती वाटत होती. समोरच्या बाकावरच्या बाईनं डबा उघडून दोघांना धपाटे दिले. दोघांनी ते खाल्ले. परभणी आली.

घरी पोचल्यावर त्रिवेणीनं सासूला वाकून नमस्कार केला आणि झालं नाही अव्वा, एवढंच सांगितलं. चन्नबसम्मांनी तिला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, डोळे पुसले. त्या अश्रूंत खोटं काही नव्हतं. मग तिला न्हाणीघरात पाणी काढून दिलं आणि त्या स्वयंपाकघरात आल्या. आप्पा पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला टेकून बसले होते. चन्नबसम्मा त्यांच्यापुढं बसल्या आणि त्यांनी आप्पांचे दोन्ही पाय धरले.

"तुमी माझं ऐकलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी रागावलात, पण ऐकलं. मला लय भीती वाटायलती, तुमी तिला हलकी द्याल म्हणून. तुमचे उपकार मी विसरणार न्हाई."

आप्पांनी पाय मागं ओढले. तसं न्हाई, असं ते म्हणणार होते. त्यांनी मान वर केली तर दारात त्रिवेणी उभी. टॉवेल घ्यायला परत आली होती.

चुलीवर दूध होतं, ते उतू जाऊन विस्तवावर पडलं तरी कुणी उठलं नाही. त्रिवेणी सासूकडं बघतही नव्हती. ती आप्पांकडं बघत होती.

"आप्पा, तुमी मुद्दाम जड दिली?"

एका शब्दाचं उत्तर होतं. दुसरा कुणीही माणूस तो शब्द चटकन बोलून मोकळा झाला असता. पण आप्पा जन्मभर स्टिक हातात घेतल्याशिवाय कुणाला हो किंवा नाही न म्हणणारे. त्यांनी तो शब्दही उचलून बघितला. त्या सकाळी शटर अर्धं ओढलं तेव्हा माझ्या मनात काय होतं? नांदेडचं मैदान होतं की रिकामं घर होतं? मनगट बारीक झालंय हे दिसत असताना मी ते बाजूला का सारलं? सवय होईल हे वाक्य माझ्या तोंडातून एवढ्या सहज कसं आलं? ते शोधत राहिले, आणि शोधता शोधता वेळ गेला.

"न्हाई," ते म्हणाले. पण तोवर त्रिवेणीनं समजल्यासारखी मान हलवली होती. तिनं दोरीवरचा टॉवेल घेतला आणि ती न्हाणीघरात गेली.

नंतर भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं आप्पांना पुढं अनेकदा वाटलं. दुसऱ्या दिवशी त्रिवेणीनं घर झाडलं, सासूच्या गुडघ्यांना तेल चोळलं आणि सांगितलं, की काही दिवस गंगाखेडला जाऊन येते. चन्नबसम्मा रडल्या, शपथा घातल्या, मी मूर्ख बाई, माझ्या बोलण्यावर जाऊ नको म्हणाल्या. त्रिवेणीनं त्यांना समजावलं, पाणी दिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. बॅगेत तिनं माहेरून आणलेल्या साड्या भरल्या, प्रमाणपत्रांची फाइल भरली. विरेशचा एक शर्ट घेतला. स्टिक स्टेशनवरून येतानाच दुकानात ठेवली होती, तिच्याबद्दल ती बोलली नाही आणि आप्पांनीही काढून दिली नाही.

गंगाखेडवरून जाणाऱ्या परळीच्या गाडीत बसवायला आप्पा स्टेशनवर गेले. गाडीला उशीर होता. दोघं बाकावर शेजारी बसली होती, मध्ये बॅग. गाडी लागली तेव्हा ती वाकून पाया पडली. आप्पा म्हणाले, "मुद्दाम नव्हतं बाळा."

"असंल," ती म्हणाली, आणि डब्यात चढली.

गाडी पिंगळीकडं निघून गेली. आप्पा स्कूटर काढून दुकानात आले आणि शटर न उघडताच पायरीवर बसून राहिले. शेजारच्या कापडवाल्यानं विचारलं, सुनबाई माहेरी गेली का. ते हो म्हणाले.

काही दिवसांसाठी म्हणून गेलेली ती परत आलीच नाही. आधी फोन यायचे, मग कमी झाले. तिला तिकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून काम मिळाल्याचं तिच्या भावाकडून समजलं. चन्नबसम्मांनी दोघींच्या खोलीत झोपायचं सोडलं नाही. आता त्या तिथं एकट्या झोपत आणि दिवा चालू ठेवत. आप्पांशी त्यांचं बोलणं जेवणापाण्यापुरतं राहिलं. त्यांना वाटे, यांनी माझं ऐकलं म्हणून हे झालं. आप्पांनी एकदा सांगून पाहिलं, की मी तुझं ऐकलं नव्हतं. चन्नबसम्मा म्हणाल्या, मग कामून दिली जड?

दुपारी गिऱ्हाईक नसलं की आप्पा मागच्या भिंतीवरून त्या दोन्ही स्टिका, भरीव आणि हलकी, काढत. डोळे मिटून एक उचलत, मग दुसरी. ती पोर समोर उभी आहे असं धरायचं, कुठलाही दुसरा विचार डोक्यात आणायचा नाही आणि नव्यानं निवड करायची, असा त्यांचा बेत असे. नव्यानं निवडतानाही भरीव स्टिकच हातात आली, तर आपण निर्दोष. कधी भरीवच बरोबर वाटे, तो पास आठवे, मन हलकं होई. दुसऱ्या दिवशी हलकी उचलताच वाटे, अरे, हे तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. त्यांच्या हाताला पूर्वी जे कळायचं ते आता कळेनासं झालं होतं. पुढं पुढं दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही ते स्टिक निवडून देईनात. भिंतीकडं बोट दाखवत, बघून घ्या म्हणत. लोक म्हणू लागले, आप्पा थकले.

एका पावसाळ्यानंतर शाळांच्या हॉकी स्पर्धा परभणीत झाल्या. कप आप्पांच्या दुकानातूनच गेले. ते पोचवायला ते स्वतः मैदानावर गेले आणि तिथं त्यांना त्रिवेणी दिसली. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, कडेला उभी राहून ती आपल्या मुलींना ओरडून जागा सांगत होती. आधीपेक्षा सुकलेली वाटली, पण उभी ताठ होती. आप्पा मागच्या मागं फिरणार होते, तेवढ्यात तिनंच बघितलं. आली, पाया पडली. तब्येत कशी हाय, गोळ्या वेळेवर घेता का, असं विचारलं. आप्पांनी तिच्या शाळेबद्दल विचारलं. मुली चांगल्या हायत, दोघी-तिघी पुढं जातील, असं ती म्हणाली.

तिच्या संघातली एक बुटकी मुलगी पाणी प्यायला जवळ आली होती. तिच्या हातातली स्टिक तिच्या मानानं लांब होती, वाकताना दांड्याचं टोक पोटाला टोचत होतं. आप्पांना ते लांबूनच दिसलं. दुकान इथं हाकेच्या अंतरावर, अर्ध्या तासात कापून दिली असती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मैदानातून कुणीतरी मॅडम, मॅडम अशी हाक मारली. त्रिवेणी येते आप्पा म्हणाली आणि पळत गेली. आप्पा जरा वेळ थांबले. तिनं मागं वळून पाहिलं नाही. खेळ रंगात आला होता, तिला वेळ कुठला.

घरी चन्नबसम्मा ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. आप्पांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि त्रिवेणी भेटली होती असं सांगितलं. चन्नबसम्मांचे हात सुपात थांबले.

"कशी हाय?"

"बरी हाय."

"माझं काही विचारलं का तिनं?"

आप्पा या खेपेला अडखळले नाहीत.

"विचारलं की," ते म्हणाले. "अव्वाचे गुडघे कसे हायत म्हणून विचारलं. येऊन जाईन म्हणाली."

चन्नबसम्मांनी मान हलवली. मग सूप उचलून त्या पुन्हा गहू निवडू लागल्या, आणि आप्पा आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.